डोंगराळ भूभागाची उंची रडारने कशी मोजावी

एकाच प्रदेशाच्या, परंतु किंचित वेगळ्या स्थानांवरून घेतलेल्या दोन रडार-प्रतिमा निवडाव्यात. त्यांच्या कलांमधील (कला म्हणजे परतलेली लहर तिच्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) फरकातून उंची काढता येते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने ६० मीटर लांब दांड्यावर दुसरा अँटेना बसवून अशा प्रतिमा एकाच वेळी घेतल्या होत्या. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार-उपग्रहांच्या प्रतिमांमध्ये मात्र काही दिवसांचे अंतर असते आणि तेवढ्यात झाडांची पाने हलली तरी संकेतांचा मेळ बिघडतो, म्हणून दाट जंगलासाठी सुमारे २४ सेंटीमीटर तरंगलांबीचा एल-बँड हा रडार-लहरींचा पट्टा अधिक भरवशाचा.

खरी अडचण उतारांची आहे. रडार तिरपे पाहते आणि प्रत्येक बिंदू स्वतःपासूनच्या अंतरानुसार मांडते. त्यामुळे समोरचा उतार आखडतो, तो आपाती कोनापेक्षा (रडार-किरण व उभी रेषा यांमधील कोनापेक्षा) तीव्र असल्यास शिखर पायथ्याच्या आधी नोंदले जाते, आणि पलीकडच्या कड्यावर सावली पडते. अशा उलट नोंदलेल्या व सावलीतल्या जागी कोणतेही गणित चालत नाही. त्या आधीच वगळाव्यात आणि चढत्या व उतरत्या कक्षांतील (उपग्रह उत्तरेकडे व दक्षिणेकडे जाताना घेतलेल्या) प्रतिमा जोडून शक्य तितक्या भरून काढाव्यात. कलेची उकल (प्रत्येक आवर्तनानंतर पुन्हा शून्यापासून मोजली जाणारी कला सलग करणे) करण्यापूर्वी प्रतिमेतील गोंगाट कमी करणारी गाळणी लावावी, पण हात राखून, कारण अति गाळणीत अरुंद घळी पुसल्या जातात. शेवटी ज्ञात उंचीच्या बिंदूंशी पडताळणी करताना केवळ सपाट माळावरचे सोयीचे बिंदू न घेता उतारावरचेही घ्यावेत.