टंगस्टनची भिंत बांधताना या चुका टाळा

द्रवणांक ३४२२ अंश सेल्सिअस, म्हणून फ्यूजन भट्टीच्या (अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्राच्या) आतल्या भिंतीला टंगस्टन निर्धास्त वापरता येतं, ही पहिली चूक. वापरता येणारा पट्टा त्याहून पुष्कळ अरुंद आहे. खाली काही शे अंशांपर्यंत हा धातू ठिसूळ असतो, आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याने ही हद्द आणखी वर सरकते. वर साधारण १३०० अंशांच्या पुढे सतत तापलं की धातूचे कण (आतले बारीक स्फटिक) भरड होऊन ताकद जाते.

लाटलेल्या प्लेटमधून ठोकळा कापताना कणांची दिशा बघा. लांबट कण पृष्ठभागाला समांतर राहिले तर तडेही आडवे जातात, उष्णतेची खाली उतरायची वाट तुटते आणि वरची खपली एकटीच तापून वितळते. कण पृष्ठभागाला काटकोनात हवेत. उभे तडे तेवढे घातक नसतात. वायरकटने (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी केलेल्या कापणीने) सोडलेला सूक्ष्म तड्यांचा थर ग्राइंड करून काढा.

सगळ्यात महाग पडते ती पुढे आलेली कड. प्लाझ्माची, म्हणजे भट्टीतल्या अतितप्त विद्युतभारित वायूची, उष्णता चुंबकीय रेषांच्या बाजूने वाहते. या रेषा पृष्ठभागावर ३ अंशांच्या कोनात येत असतील, तर प्लाझ्माकडे तोंड करून उभ्या असलेल्या कडेवर ढोबळमानाने १९ पट उष्णता पडते. जोडणीतला मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरकही पुरतो. जेट या ब्रिटनमधल्या प्रायोगिक फ्यूजन यंत्रात २०१३ साली मुद्दाम कड उघडी ठेवून टंगस्टन वितळवून दाखवलं गेलं. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आयटर यंत्राच्या डायव्हर्टरमध्ये (उष्णता आणि कचरा झेलणाऱ्या तळाच्या भागात) मोनोब्लॉकना, म्हणजे शीतक नळीवर ओवलेल्या टंगस्टनच्या ठोकळ्यांना, ०.५ मिमीचा उतार दिलाय तो याचसाठी, जेणेकरून प्रत्येक कड शेजारच्या ठोकळ्याच्या सावलीत राहावी.

तांबं टंगस्टनच्या जवळपास चौपट प्रसरण पावतं. त्यामुळे ठोकळा थेट कठीण तांबे-क्रोमियम-झिर्कोनियमच्या नळीवर न जोडता मध्ये सुमारे १ मिमी मऊ शुद्ध तांबं ठेवा. ठोकळा भट्टीत बसवण्याआधीच सांधा अल्ट्रासोनिकने तपासा; नंतर हात पोचत नाही.

प्लाझ्माच्या गाभ्यातून किरणोत्सर्जन वाढतंय आणि तापमान घसरतंय? टंगस्टन आत साचतंय. लाखात काही अणूही त्रास देतात. गाभ्यात इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन तापन (मायक्रोवेव्हने इलेक्ट्रॉन तापवणं) वाढवा, कडेला वायू सोडून तिथला प्लाझ्मा थंड ठेवा. पण निऑन किंवा नायट्रोजन सोडताना हात आखडता हवा. ड्यूटेरियमला (इंधनातल्या जड हायड्रोजनला) भिंतीवरचे टंगस्टनचे अणू उडवायला २०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर ऊर्जा लागते, या जड आयनांना बरीच कमी पुरते.

इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर डोळे झाकून विसंबू नका. चकचकीत टंगस्टनची उत्सर्जकता (आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत किरण सोडण्याचं प्रमाण) कमी असते; ती १ धरली तर तापमान खऱ्यापेक्षा कमी दिसतं, आणि परावर्तनामुळे नसलेले तप्त ठिपके उमटतात. थर्मोकपल आणि शीतक पाण्याची तापवाढ यांच्याशी आकडे ताडून पाहा.