तिकीट काढताना आणि तारे देताना या चुका टाळा

काकूचा फोन रात्री साडेअकराला आला. दादर स्टेशनात ती दोन पिशव्या आणि करंज्यांचा डबा घेऊन उभी होती, आणि टीसी म्हणत होता की हे तिकीट काल रात्रीच्या गाडीचं आहे. सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. "तेराच्या रात्री निघायचंय" असं काकूनं सांगितलं, म्हणून मी तिकिटावर १३ तारीख टाकली. आता १३ तारखेचे १२ वाजून ५ म्हणजे बाराची रात्र. तुतारी जवळजवळ चोवीस तासांपूर्वीच काकूशिवाय गावाला गेली होती. काकू मला एक शब्दही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

प्रत्येक घरात तिकिटं काढून देणारा एक हक्काचा माणूस असतो. आमच्या घरात तो मी. तिकीट काढताना आणि नंतर अभिप्रायाचे तारे देताना होणाऱ्या ज्या चुका खाली लिहिल्यात त्यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत आणि उरलेल्या निस्तरलेल्या आहेत.

मध्यरात्रीची तारीख

तर पहिली चूक हीच. रात्री बारा ते दोनच्या दरम्यानची गाडी किंवा विमान असेल तर तारीख बोटावर मोजा: त्या दिवशी संध्याकाळी मी घरी असेन की प्रवासात? कोकणकन्या हे याचं आणखी चांगलं उदाहरण आहे. ती सीएसएमटीहून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी निघते आणि पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे एकाच गाडीत, एकाच डब्यात, दादरला चढणाऱ्याच्या तिकिटावर १० तारीख आणि पनवेलला चढणाऱ्याच्या तिकिटावर ११ तारीख.

तत्काळमध्ये हा घोळ दुप्पट होतो. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसी वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. पण हा 'एक दिवस आधी' गाडी जिथून निघते त्या स्टेशनावरून मोजतात, तुम्ही चढता तिथून नाही. त्यामुळे ११ तारखेला पनवेलहून कोकणकन्या पकडणाऱ्यानं ९ तारखेला तत्काळ काढायचं. दहाला सकाळी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसलात तर गाडी कधीच भरलेली दिसेल.

आणि आधार. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधार जोडलेल्या खात्यातूनच निघतं. ते जोडण्याचं काम सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी करायचं नसतं. प्रवाशांची नावं, वयं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. दहा वाजून एक मिनिटानं काकांचं स्पेलिंग विचारायला फोन करणारे लोक मी पाहिलेत. साधं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हेही अजून अनेकांच्या अंगवळणी पडलेलं नाही. गणपतीसाठी चार महिने आधीची आठवण कॅलेंडरात लावून बसणारे आमच्या वाडीत अजून आहेत.

वेटिंग म्हणजे सगळं सारखं वेटिंग नव्हे

"वेटिंग १२ आहे, होईल रे कन्फर्म." हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, बारा कुठलं? जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण यादी. गाडीच्या मूळ स्टेशनाच्या आसपासहून लांबपर्यंत जाणाऱ्यांची. ती सर्वांत जास्त सरकते. आरएलडब्ल्यूएल मधल्या एखाद्या मोठ्या स्टेशनाच्या कोट्याची, पीक्यूडब्ल्यूएल अनेक लहान स्टेशनांनी वाटून घेतलेल्या कोट्याची. कोटा लहान, म्हणून रद्द होणारी तिकिटंही थोडी. तत्काळच्या वेटिंगला तर आरएसीची (बर्थ नाही, नुसती बसायची जागा) पायरीच नसते. बर्थ मिळाला तर मिळाला, नाहीतर काही नाही. जीएनडब्ल्यूएलचं ४० हे पीक्यूडब्ल्यूएलच्या १२ पेक्षा बरं असू शकतं.

म्हणूनच अनुभवी लोक मूळ स्टेशनापासून तिकीट काढतात आणि मधेच चढतात. युक्ती चांगली आहे, पण घोडं पेंड खातं ते बोर्डिंग स्टेशन बदलायला विसरल्यावर. तिकीट सीएसएमटीपासून आणि तुम्ही पनवेलला चढणार असाल तर ते वेळेत बदलून ठेवा. नाहीतर टीसी तुम्हाला 'आला नाही' असं धरून बर्थ आरएसीवाल्याला देऊ शकतो, आणि तो नियमानं बरोबर असतो. एकदा बदललंत की मूळ स्टेशनावरून चढायचा हक्क मात्र गेला.

पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट चार्ट (कुणाला कुठला बर्थ याची अंतिम यादी) लागल्यावर आपोआप रद्द होतं. ते घेऊन आरक्षित डब्यात बसलात तर तुम्ही विनातिकीट. मात्र एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर) चौघांपैकी एकाचा बर्थ पक्का असेल तर तो पीएनआर रद्द होत नाही, बाकीचे तिघंही जाऊ शकतात. झोप कशी काढायची ते तुम्ही बघा.

'विकल्प' नावाचा चौकोन लोक डोळे झाकून टिचकी मारून मोकळे होतात. त्यात तुम्हाला दुसऱ्या गाडीत जागा मिळू शकते, पण ती गाडी जवळच्या दुसऱ्या स्टेशनातून सुटणारी असू शकते. मुंबईत 'जवळचं दुसरं स्टेशन' म्हणजे सामान आणि म्हातारी माणसं घेऊन किती जवळ, याचा विचार आधी करा.

खालचा बर्थ मिळत नाही, कारण तुम्ही सगळे एकत्र आहात

आई-बाबा, तुम्ही आणि मुलगी, चौघांचं एकच तिकीट काढलंत आणि आईला वरचा बर्थ आला. मग रेल्वेला नावं ठेवणं सुरू. पण खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा वेगळा कोटा आहे (पुरुष ६० वर्षांपुढचे, स्त्रिया ४५ वर्षांपुढच्या), आणि तो एकटा किंवा दोघंच जात असतील तेव्हाचा आहे. घोळक्यात तो लागू होत नाही. म्हणून आई-बाबांचं वेगळं तिकीट, तुमचं वेगळं. वेटिंग असेल तर मात्र उलट हिशेब येतो, वर सांगितल्याप्रमाणे एकत्र पीएनआरचा फायदा जातो. माझा नियम असा: जागा भरपूर दिसत असेल तर वेगळं, मारामारी असेल तर एकत्र. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. कोटा चालू आहे. या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी खात्यातली बुकिंगची यादी बघा. तिकीट निघालं नसेल तर रक्कम काही दिवसांत परत येते. याच काळात 'कस्टमर केअर'चा नंबर गुगलवर शोधायचा नाही. पैसे अडकलेला माणूस नेमका तेव्हाच भामट्याच्या हाती लागतो.

विमानाचं तिकीट: नाव आणि गाव

आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी असते. पासपोर्टावर वडिलांचं नाव कधी पहिल्या नावाच्याच रकान्यात बसलेलं असतं. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आणि पासपोर्टावर माहेरचं, हेही सर्रास. परदेशी जाताना तिकीट पासपोर्टाबरहुकूम हवं, रकान्याला रकाना जुळवून. देशातल्या देशात जाताना जो ओळखपुरावा दाखवणार, त्याच्यासारखं. चूक झालीच तर चोवीस तासांच्या आत आणि तीही विमान कंपनीकडे थेट कळवा. एवढ्या मुदतीत, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटावर, स्पेलिंगची दुरुस्ती फुकट करून द्यावी असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम आहे. एजंटाकडून काढलं असेल तर तो कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी त्याच्याकडे.

गाव चुकणं हा नवा प्रकार. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत: दक्षिणेला दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातलं मोपा, जिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला मोपा अंगणात आहे. मडगावच्या माणसानं दोनशे रुपये वाचवायला मोपाचं तिकीट काढलं तर टॅक्सीवाला त्याचे आभार मानेल. मुंबईचंही तेच. सांताक्रूझचं टर्मिनल १, सहारचं टर्मिनल २ आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई. नाशिकहून किंवा डोंबिवलीहून निघताना 'मुंबई' एवढंच वाचून गाडी ठरवू नका.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास आखणाऱ्यांसाठी: पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी काही संबंध नाही. त्यांच्या लेखी तुम्ही उशिरा आलेला प्रवासी. एका पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील तरच पुढची सोय करणं कंपनीवर येतं.

आणि जाणं रद्द झालं तर तिकीट तसंच सोडून देऊ नका. 'नॉन-रिफंडेबल' तिकिटातलंही सगळं बुडत नाही. प्रवासी सेवा शुल्क, विमानतळाचं विकास शुल्क आणि कर परत मिळतात. न मागणाऱ्याला कुणी आणून देत नाही. परतावा रोख हवा की पुढच्या प्रवासासाठी जमा, हे ठरवायचा हक्कही तुमचा आहे, कंपनीचा नाही.

तिकिटावर मोबाइल कुणाचा?

हा रकाना सगळ्यांत बिनमहत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या मते इथली चूक सगळ्यांत महागात पडते. एजंट स्वतःचा नंबर टाकतो. भाचा स्वतःचा टाकतो. मग विमानाची वेळ बदलल्याचा निरोप भाच्याला जातो, तो ऑफिसात मीटिंगमध्ये असतो आणि मावशी विमानतळावर.

नियमात याचा थेट फटका आहे. ऐन वेळी विमान रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५ हजार ते १० हजार रुपयांपर्यंत, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यातलं जे कमी असेल ते, अशी भरपाई डीजीसीएच्या नियमात आहे. पण ज्यानं बुकिंगच्या वेळी नीट संपर्क दिलेला नाही त्याला ती नाही, हेही तिथेच लिहिलंय. एजंटाचा नंबर टाकून मावशीचा हक्क आपणच कापतो.

रेल्वेचंही तसंच. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा आहे आणि तुम्ही प्रवास करणार नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. अट एवढीच की टीडीआर (परताव्याचा अर्ज) गाडी तुमच्या स्टेशनातून सुटण्याआधी भरायचा. उशिराचा निरोप दुसऱ्याच्या फोनवर पडून असेल तर तुम्ही भरणार कधी? जो प्रवास करणार त्याचा नंबर टाका. त्याला निरोप वाचता येत नसेल तरच आपला टाका, आणि मग ते निरोप खरंच वाचा.

तारे कुणाला देताय?

डब्यातलं स्वच्छतागृह तुंबलं म्हणून लोक तिकिटाच्या अॅपला एक तारा देतात. अॅपवाल्याच्या हातात खराटा नाही. गाडीतली तक्रार गाडीत असतानाच, १३९ वर किंवा रेलमदद अॅपवर, पीएनआर, डबा, आसन आणि पुढचं मोठं स्टेशन लिहून करायची. "अत्यंत गलिच्छ, लाज वाटते" यावर कुणालाच काही करता येत नाही. "बी ४, इंजिनाकडचं डावं स्वच्छतागृह, पाणी नाही, पुढचं स्टेशन चिपळूण" यावर करता येतं. काम न करताच 'तक्रार निकाली' असा निरोप आला तर गप्प बसू नका. तिथे अभिप्राय मागतात, 'असमाधानकारक' निवडा. विमानाचं गाऱ्हाणं आधी कंपनीकडे, मग एअरसेवा या सरकारी पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

राग आला की तिकिटाचा फोटो समाजमाध्यमावर टाकायची सवय मात्र सोडा. विमानाचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही तुमचं बुकिंग उघडू शकतो. तक्रारीखाली "सर, नंबर पाठवा, मदत करतो" म्हणणारा पहिला माणूस बहुधा कंपनीचा नसतो.

दुसऱ्यांचे अभिप्राय वाचताना पाच आणि एक तारेवाले सोडून मी मधले वाचतो, तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. धुक्यात अडकलेल्यानं दिलेला एक तारा डिसेंबरातल्या दिल्लीबद्दल सांगतो, कंपनीबद्दल नाही.

काकू दुसऱ्या दिवशी एसटीनं गेली. ती परळहून बसल्यावर मी फोनवरचे जुने निरोप चाळत होतो, तेव्हा १३ तारखेच्या दुपारचा एक सापडला. ज्या अॅपवरून तिकीट काढलं त्याचा, अर्थात माझ्या नंबरवर: "तुमचा प्रवास कसा झाला?" खाली पाच रिकामे तारे. तो तेव्हाच वाचला असता तर काकू रात्री दादरला गेलीच नसती. मी तिला फोन करून हे कबूल केलं.

"मग दे की पाच," ती म्हणाली. "गाडी वेळेवरच सुटली असणार."