कोहावर जाताय? आधी आयएसबीएनचा रकाना बघा

ग्रंथालयाच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या वार्षिक फीला कंटाळून मुक्तस्रोताकडे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरकडे वळलेल्यांपैकी मी एक. कोहा हे त्यातलंच, पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं. पर्यायांवर फार वेळ घालवू नका. अनेक ग्रंथालयांची मिळून एक तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, करायची असेल तर एव्हरग्रीन बघा. ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी बनलं आणि २००६ साली सुरू झालं. एकट्या ग्रंथालयाला कोहा पुरे. डीस्पेस मात्र या रांगेतलंच नाही, ते प्रबंध आणि लेख साठवण्यासाठी आहे. मुलाखतीत मी ते तालिकेचं सॉफ्टवेअर म्हणून ठोकून दिलं होतं, अजून आठवलं की कान गरम होतात.

सगळे इन्स्टॉलेशनला घाबरतात. उगाच. डेबियन या लिनक्सवर पॅकेजं तयार मिळतात, पायरीपायरीने गेलात तर जमतं. माणूस बुडतो तो जुना डेटा आणताना.

जुन्या सॉफ्टवेअरने मला सीएसव्ही दिली, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकुराची फाईल, प्रत्येक प्रतीची एक ओळ. एका पुस्तकाच्या पाच प्रती म्हणजे पाच ओळी. कोहात मात्र पुस्तकाची नोंद एक आणि तिच्याखाली प्रत्येक प्रतीसाठी ९५२ क्रमांकाचं एक फील्ड, म्हणजे नोंदीतला रकाना, त्यात बारकोड, आपण बोलताना दाखल क्रमांक म्हणतो तो. म्हणून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, सारखा असेल तिथे ओळी एकत्र करायच्या, असं मी ठरवलं. विचार बरोबर होता. पण त्याआधी फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली, एका लेखकाचं नाव दुरुस्त केलं आणि सेव्ह केली.

तेवढंच.

एक्सेलला तेरा अंकी आयएसबीएन म्हणजे मोठी संख्या वाटते. तो ९.७८०१४ई+१२ असा दाखवतो, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच जतन होतं, मागचे अंक गेले ते गेले. म्हणजे ९७८०१४ ने सुरू होणाऱ्या बहुतेक पुस्तकांचा आयएसबीएन एकच झाला. दहा अंकी जुन्यांचं सुरुवातीचं शून्यही गळालं. माझ्या स्क्रिप्टने इमानदारीत एकाच प्रकाशकाची वेगवेगळी पुस्तकं एका नोंदीखाली कोंबली. कळलं कधी? देवघेव सुरू झाल्यावर. वाचकाने कादंबरी पुढे केली, बारकोड वाचला, पडद्यावर पाककृतीचं पुस्तक. तोवर नवीन व्यवहार झाले होते, सगळं पुसून पुन्हा आयात करणं शक्य नव्हतं. कपाटापाशी उभं राहून एकेक प्रत हलवली.

‘मार्क शिकायची गरज नाही, सॉफ्टवेअर सगळं करतं’ असं सांगणारा गुरू भेटला तर नमस्कार करून निघा. मार्क म्हणजे पुस्तकाची नोंद क्रमांकाच्या फील्डांत मांडायची ठरलेली पद्धत. निदान ०२० (आयएसबीएन), १०० (लेखक), २४५ (शीर्षक) आणि ९५२ (प्रत) तोंडपाठ हवीत. ०२० मध्ये काय असायला हवं हे नजरेत बसलेलं असतं, तर ते ‘ई’ मला आयातीआधीच दिसलं असतं.

घाबरू नका, यात बुद्धीपेक्षा शिस्त लागते. मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. एक्सेल वापरायचंच तर ‘डेटा’ मेनूतून फाईल आत घ्या आणि आयएसबीएन, बारकोड हे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा. आयात आधी चाचणीच्या कोहावर करा. मग कपाटातून डोळे मिटून वीस पुस्तकं उचला, बारकोड वाचा, मुखपृष्ठ आणि पडदा ताडून बघा. एकही चुकलं तर त्या दिवशी खऱ्या सर्व्हरला हात लावू नका.