पायवाटेची झीज मोजताना आधी फोटोची जागा पक्की करा

उन्हाळी इंटर्नशिपमध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या वनक्षेत्रातल्या पायवाटा तपासायचं काम मिळालं, तर सगळ्यात आधी फोटोच्या जागा ठरवा. झीज कळते ती तुलनेतून. मे महिन्यातला फोटो पावसाळ्यानंतर नेमका तिथूनच काढता आला नाही, तर तो वाया गेला. दाट झाडीत मोबाइलचं जीपीएस काही मीटर सहज चुकतं. म्हणून अक्षांश-रेखांशासोबत न हलणारी खूणही लिहा: मोठा कातळ, कोरलेली पायरी. झाड शक्यतो नको, ते वाढतं, पडतं. कॅमेऱ्याची उंची आणि होकायंत्रावरची दिशा अंशांत नोंदवा. खडकावर रंग मात्र अजिबात लावू नका.

मग वाटेच्या दोन्ही कडांवर दोरी आडवी ताणा आणि तिच्यापासून सर्वांत खोल भागापर्यंतचं अंतर मोजा. रुंदी त्याच दोरीवर मिळते. वळणं टाळून लोकांनी पाडलेले शॉर्टकट वेगळे मोजा. पावसाचं पाणी तिथूनच सरळ खाली धावतं आणि माती घेऊन जातं. दुरुस्ती कुठे आधी हवी, हे माझ्या मते याच आकड्यांवरून ठरायला हवं. नोंदी पेन्सिलीने करा, घामाने शाई पसरते.