रेस सोडताना

आठ वर्षं स्कूटी चालवली होती, त्यामुळे गिअरची मोटरसायकल महिनाभरात हातात बसेल असं मी धरून चालले होते. क्लच आणि गिअर आलेही. आरटीओत पाय न टेकता आठचा आकडा काढला आणि पक्कं लायसन्स मिळालं. त्याच आठवड्यात आईला डबलसीट घेऊन साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत गेले. तेवढ्या अंतरात तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर किती वेळा आपटलं ते मोजणं मी सोडून दिलं. ती काही बोलली नाही, पण खांद्यावरची तिची पकड घट्ट होत गेलेली मला कळत होती. मला फार वाईट वाटलं.

दादानं एक चक्कर मागे बसून बघितलं आणि म्हणाला, "रेस तू बरी देतेस. सोडतेस ती टाकून दिल्यासारखी."

सगळी गोम तिथे होती, उजव्या हातातली रेसची मूठ सोडण्यात. स्कूटीत मुठीच्या आणि चाकाच्या मध्ये पट्टा आणि आपोआप धरणारा-सुटणारा क्लच असतो. मूठ कशीही पिळा, कशीही सोडा, ते दोघं बरंचसं पोटात घालतात. मोटरसायकलचा क्लच पूर्ण सोडला की इंजिन चेननं मागच्या चाकाला थेट बांधलेलं. रेस एकदम बंद केली की इंजिनच ब्रेक लावतं आणि मागचा माणूस पुढे येतो. घाबरून पुन्हा रेस दिली की सैल पडलेली चेन खटकन ताणली जाते आणि तो मागे जातो. पहिल्या-दुसऱ्या गिअरात हे सगळ्यात जास्त जाणवतं, आणि गावात आपण चालवतो ते त्याच गिअरांत.

बाबांची जुनी गाडी कार्बोरेटरची, तिच्यावर हा झटका मऊ वाटायचा. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटरसायकली इंजेक्शनच्या झाल्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पेट्रोल मोजून फवारते. त्यांत चालत्या गाडीची रेस पूर्ण बंद केली की पेट्रोलच तोडलं जातं, आणि पुन्हा मूठ उघडली की ते परत सुरू होतं. हे परत सुरू होणं हाताला लागतं. म्हणून इंजेक्शनची गाडी असेल तर रहदारीत रेस शून्यावर न नेता केसभर उघडी ठेवायची सवय फार उपयोगी पडते.

मला खरी दिशा मिळाली ती आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या काकांकडे बघून. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या, तरी गाडी थांबताना कधी नाकावर येत नाही, सुटताना उडी मारत नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "भरलेल्या किटलीचं काही नाही गं. अर्धी झाली की दूध हिंदकळतं, तेव्हा हात हलका लागतो." मग मी त्यांचं मनगट बघायला लागले. कोपर सैल, मूठ घट्ट आवळलेली नाही, आणि गिअर बदलताना रेस जितकी कमी करायची तितकीच करतात.

माझं मनगट मुठीच्या खाली लोंबायचं. तसं धरलं की खड्ड्यात अंग मागे जातं, हात ओढला जातो आणि नको तिथे रेस वाढते. नवख्या माणसाची गाडी अचानक पुढे उसळते ती बऱ्याचदा अशीच. आता मनगट सरळ ठेवते, गुडघ्यांनी टाकी धरते, हँडलवर वजन टाकत नाही. अंगाचा भार गुडघ्यांनी आणि पोटानं उचलला तरच हात मोकळा राहतो. अंगठ्याचं टोक शेजारच्या स्विचच्या डब्याला हलकं टेकवलं की खराब रस्त्यावरही मूठ स्थिर राहते. ही युक्ती मला कुणी आधी सांगायला हवी होती.

सराव रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर केला. दुसऱ्या गिअरात 20 चा वेग, मग ब्रेक आणि क्लचला हात न लावता 30, आणि पुन्हा 20. ऐकायला सोपं आहे. 30 वर जाणं जमतंच, 20 वर उतरताना नाक खाली जातं. मी मनात एक-दोन-तीन मोजत मूठ परत आणायचे. तीन रविवार फक्त एवढंच केलं आणि ते कंटाळवाणं होतं, पण त्यानंतर बाकीचं भराभर आलं. अगदी हळू चालवताना मात्र रेसशी खेळू नका. ती एका जागी धरा, हाफ क्लच ठेवा आणि मागचा ब्रेक किंचित दाबून वेग सांभाळा.

आणि स्वतःला दोष देण्याआधी गाडी तपासा. रेसच्या केबलला थोडी ढील लागते, साधारण दोन-तीन मिलिमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ढील जास्त असली तर मूठ आधी पोकळ फिरते आणि मग एकदम धरते. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवा. इंजिनचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय, गॅरेजला दाखवा. सोडलेली मूठ आपोआप परत आली पाहिजे. चेन ढिली असेल तर कितीही हलक्या हातानं चालवा, खट बसणारच. माझी होती.

पुढे आईला घेऊन यवतेश्वरच्या घाटातून कासला गेले. वळणाआधीच वेग उतरवायचा आणि वळणात रेस थोडी, एकसारखी ठेवायची, हे दादानं घोकून घेतलं होतं. वळणाच्या मध्येच दचकून रेस बंद केली की वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडीची लाइन बदलते. उतरताना दुसरा गिअर, आणि बाकीचं काम इंजिनला करू दिलं. परतीच्या वाटेवर आईनं खांद्यावरचा हात काढून पदर सावरला आणि मग तो सीटमागच्या हँडलवर ठेवला. हेल्मेट दोनदा आपटलं, दोन्ही वेळा स्पीडब्रेकरवर.

ते स्पीडब्रेकर अजून राहिलेत. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवरून जातानाही माझा हात आखडतो. या पावसाळ्यात रविवारचं मैदान पुन्हा सुरू केलंय, यावेळी दादा मागे बसतो आणि दर झटक्याला पाठीवर टिचकी मारतो.