ईडेलला जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आधी नाव. एडेल नाही, ईडेल. मी मँचेस्टरला राहून दोन वर्षं एडेल एडेल करत होतो, ऑफिसात एकानेही सुधारलं नाही (इथला माणूस तोंडावर चूक सांगत नाही, ते वेगळंच प्रकरण). पीक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडमधल्या नॅशनल पार्कातलं छोटंसं गाव, मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनवरून शेफिल्डकडे जाणारी सगळीकडे थांबणारी ट्रेन पकडली की साधारण पाऊण तासात पोचता. भारतातून आईबाबा आले की लंडन झाल्यावर "आता एखादं खेडं दाखव" होतंच, आणि गाडी नसेल तर याच्याइतकं सोयीचं गाव मला तरी माहीत नाही. आम्ही चारदा गेलो, त्यात तीनदा काहीतरी घोळ घातला.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक आपल्या सह्याद्रीवाल्यांची. गावाच्या डोक्यावर किंडर स्काउट आहे, उंची 636 मीटर. कळसूबाई 1646 केलेला माणूस हा आकडा बघून हसतो, मीपण हसलो. जीन्स, साधे स्पोर्ट्स शूज, पाण्याची एक बाटली, निघालो. आता गंमत अशी की किंडरला सुळका नाहीच, वर गेलात की सपाट पठार आणि काळाकुट्ट पीटचा (कुजलेल्या शेवाळ-गवताच्या मातीचा) चिखल, मध्ये माणूसभर खोल घळी, एका घळीतून वर आलात की समोर दुसरी, सगळीकडे सारखंच दिसतं. धुकं उतरलं की संपलं. आमचा मित्र तासभर "टॉप कुठंय, टॉप कुठंय" करत फिरत होता आणि शेवटी गुडघ्यापर्यंत आत गेला, बूट काढायला दोघं लागले. जीन्स एकदा भिजली की वाळत नाही आणि वर वारा, जूनमध्ये दात वाजत होते. तेव्हा बूट, वॉटरप्रूफ जाकीट आणि कागदी नकाशा (ओएस म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल 1), एवढं पाहिजेच. मोबाईलच्या भरवशावर राहू नका, खोऱ्यात रेंज येते जाते. एक काम घरूनच करा, 999 ला (इथला इमर्जन्सी नंबर) 'रजिस्टर' असा इंग्रजीत मेसेज टाकून उत्तर येईल तसं पुढचं पूर्ण करा, म्हणजे अडकलात तर कॉल लागत नसताना मेसेज करता येतो. कॉल लागला तर आधी पोलीस मागायचे आणि मग त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं, थेट अँब्युलन्स नाही.

आईबाबा बरोबर असतील तर किंडरचा नाद सोडा, समोरची रांग धरा. हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीपर्यंत चढ आहे थोडा, पण पुढे मॅम टॉरपर्यंत (517 मीटर) दगडी फरशा घातलेली वाट, दोन्हीकडे दोन खोरी. मॅम म्हणजे आई. हा डोंगर सारखा घसरतो आणि पायथ्याशी त्याची पिल्लं साठतात म्हणून नाव तसं पडलं म्हणतात. पलीकडच्या उतारावरचा जुना रस्ता दरडीनं इतक्यांदा फुटला की 1979 मध्ये कायमचा बंदच केला, आजही डांबराचे थर बिस्किटासारखे तुटलेले दिसतात. बाबांचं मत, आमच्या वरंध घाटात हा रस्ता चालू ठेवला असता.

बाबांवरून आठवलं. ते पहिल्या शेताच्या कुंपणापाशीच थांबले, "परक्याच्या वावरात कसं घुसायचं, ओरडेल कोणी." हा उलटा प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येतो आणि लोक रस्त्यारस्त्यानेच फिरून परत जातात. नकाशावर हिरवी तुटक रेघ आणि खांबावर पिवळा बाण दिसला की ती हक्काची पायवाट, शेत कुणाचंही असो. वरचा माळ मात्र पूर्वी शिकारीसाठी राखलेला, सामान्य माणसाला बंदी. 24 एप्रिल 1932 ला पलीकडच्या हेफिल्डकडून काहीशे लोक मुद्दाम किंडरवर चढले, बहुतेक कामगार पोरं, पाच जण तुरुंगात गेले. माळरानावर मोकळं फिरायचा कायदा यायला 2000 साल उजाडलं. बाबांना हे सांगितल्यावर ते एकदम सत्याग्रही थाटात पुढे निघाले. फक्त खालच्या शेतांत वाट सोडून पसरू नका, तिथलं हिरवं गवत म्हणजे पीक आहे, कापून हिवाळ्यासाठी साठवतात, एकामागे एक चाला.

गेटचा किस्सा मात्र माझाच. सगळे सांगतात गेट बंद करा, म्हणून मी एक सताड उघडं गेट शहाण्यासारखं लावून, कडी घालून निघालो. पाच मिनिटांत शेतकरी क्वाडबाईकवरून मागे आला. ते गेट त्याने मेंढ्यांना पलीकडे पाण्यावर जाता यावं म्हणून उघडं ठेवलेलं. तेव्हा नियम असा, जसं सापडलं तसं ठेवायचं. आणि ते अर्धगोल कठड्यातलं गेट असतं ना, किसिंग गेट, त्यात सगळं कुटुंब एकदम शिरलं की अडकतं. एकाने आत कोपऱ्यात उभं राहायचं, गेट आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचं, बाहेर पडायचं, मग पुढचा. मोठी सॅक असेल तर आधी काढून हातात घ्या, बाबा सॅकसकट शिरले आणि आईला फोटो काढायला विषय मिळाला.

गायी दिसल्या की नमस्कार करायला जवळ जाऊ नका, खरंच सांगतोय. वासरू बरोबर असेल तर गाय अंगावर येते, गाय आणि वासराच्या मधून तर अजिबात जायचं नाही, लांबून वळसा घाला. कुत्रा बरोबर असेल आणि गाय धावून आली तर पट्टा सोडून द्या, कुत्रा आपलं बघून घेतो.

आता जेवण. गावातल्या ओल्ड नॅग्ज हेड या पबपासून पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते, 268 मैलांची, थेट स्कॉटलंडपर्यंत. फोटो काढायला बरं. पण कुठल्याही खेड्यातल्या पबात जाऊन टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, आम्ही एका ठिकाणी पंचवीस मिनिटं बसलो, आईला वाटलं आपल्याला मुद्दाम टाळतायत. टेबलाचा नंबर बघायचा, बारवर जायचं, ऑर्डर द्यायची, बहुतेक ठिकाणी पैसे तिथेच. किचनची वेळ पबच्या वेळेपेक्षा वेगळी असते, दुपारनंतर बंद झालं की चिप्सची पुडी मिळेल फक्त. शाकाहारी असाल तर मेनू आधी ऑनलाइन बघा, नाहीतर डब्यात धपाटे न्या आणि बाहेर बसून खा, पबच्या टेबलावर डबा उघडू नका.

गाडी घेऊन जाणार असाल तर अरुंद रस्त्यावर कडेच्या गवतावर लावू नका, ट्रॅक्टर अडतो. नकाशात बार्बर बूथ, अपर बूथ दिसलं तर फोन बूथ शोधू नका (आम्ही शोधला), बूथ म्हणजे जुन्या गुराख्यांचे गोठे-निवारे, त्यांच्या वाड्या झाल्या, ईडेल म्हणजे या वाड्यांचीच गोळाबेरीज.

परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा, ट्रेन तासाला एखादी, रविवारी वेगळं टाइमटेबल. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्या हिशोबाने डोंगरावरून उतरा. आणि दोन प्लॅटफॉर्म आहेत, एक मँचेस्टरकडचा, एक शेफिल्डकडचा, विचारायला माणूस नसतो. आम्ही चुकीच्या बाजूला बसून धपाटे खात होतो, समोरून आमची ट्रेन आली, बाबांनी एसटीला दाखवतात तसा हात दाखवला. थांबली, दारं उघडली, आमच्यासमोर रुळांपलीकडे, आणि गेली.