उदासी डॉक्टरांना सांगताना

नैराश्याचा आजार दिसला की घरचे कारण शोधतात: नोकरी गेली, भांडण झालं, फार विचार करतो. मानसोपचारतज्ज्ञ मात्र आधी विचारतात, किती दिवसांपासून, दिवसातला किती वेळ आणि त्यापायी काय काय बंद पडलं? कारण सापडलं नाही तरी नैराश्य असू शकतं, आणि कारण रास्त असलं तरी उपचार लागू शकतात.

निदानाला 9 पैकी किमान 5 लक्षणं जवळजवळ रोज, निदान 2 आठवडे असावी लागतात. मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, यांपैकी एक हवंच. उरलेली म्हणजे झोप, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा बेचैनी, लक्ष न लागणं, अपराधी वाटणं आणि मरणाचे विचार.

पुष्कळ जण ‘उदास आहे’ म्हणतच नाहीत. अंगात त्राण नाही, डोकं जड असतं, एवढंच सांगतात. तेही लक्षणच आहे, सांगा. पण मोजून सांगा. आठवडाभर वहीत लिहा. ‘झोप नाही’ असं नको, ‘साडेअकराला पडलो, तीनला जाग, मग डोळा लागला नाही’ असं. सकाळ जास्त जड जाते का, तेही. चालू औषधं, दारू, थायरॉइड, रक्तक्षय हेही सांगायचं.

सर्वांत जास्त निसटते ती एक गोष्ट: पूर्वी कधी काही दिवस तीन-चार तास झोपूनही उत्साह ओसंडत होता का, बोलणं सुसाट, खर्च बेसुमार होता का? तो काळ आजाराचा वाटत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. तो बायपोलर आजार, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह (उन्माद) यांचे झोके आलटून पालटून येणारा आजार असेल, तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उफाळू शकतो. अशा वेळी घरचं माणूस सोबत असलेलं फार बरं, त्याला आठवतं.

गोळीचा त्रास, म्हणजे मळमळ, अस्वस्थता, पहिल्या आठवड्यात जाणवतो. गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे, पुरता यायला त्याहून जास्त. म्हणूनच आठव्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून गोळ्या सुटतात. बरं वाटल्यावरही किमान 6 महिने चालू ठेवाव्या लागतात. अचानक थांबवल्यास चक्कर, डोक्यात वीज लागल्यासारखे झटके जाणवतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवा.

घरच्यांनो, मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. कसं करायचं हे ठरलेलं असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका: माणसाला एकटं सोडू नका, गोळ्या-विषारी औषधं हलवा आणि त्याच क्षणी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या.